विश्लेषण : कड्यावर ऋतू पाहा, कड्याखाली तिथी! कोकण किनाऱ्यावर पायी कधी जावे?

किनाऱ्याची भटकंती गड चढण्यापेक्षा सोपी वाटते. पण इथली वाट रोज दोनदा पाण्याखाली जाते आणि प्रत्येक ऋतूत तिचे रूप बदलते. ती कशी ओळखावी?

गडावरची वाट चुकली तर मागे फिरता येते. समुद्रकड्याच्या पायथ्याशी चालताना मात्र परतीची वाटच काही तासांसाठी नाहीशी होऊ शकते. सड्यावरून चालत जायचे, कड्यावरून समुद्र पाहायचा, पायवाटेने खाली पुळणीवर उतरायचे आणि वाळूतून पुढच्या गावाकडे निघायचे, ही कोकणातली भटकंती आता अनेकांना खुणावते आहे. अंतर थोडे, चढ मामुली, त्यामुळे तयारीही बेताचीच असते. दुसरीकडे, पर्यटक बुडाल्याच्या किंवा खडकांवर अडकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. समुद्र कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी आपल्याला खाली उतरू देतो, हे समजून घेतले तर यातले बरेच अपघात टळू शकतात.

किनाऱ्याची वाट वेगळी का?

कोकण किनारा सलग वाळूचा नाही. डोंगराचा एखादा फाटा थेट समुद्रात शिरतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पुळण असते आणि पुढे खाडी आडवी येते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा अनेक फाट्यांचा माथा सपाट आहे. त्यालाच सडा म्हणतात. हा माथा जांभा दगडाचा असतो. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि त्यांचे कडक कवच तयार झाले. फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळमधल्या याच प्रकारच्या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत त्याचा संबंध विटेशी आहे. कोकणात आजही जांभ्याचे चिरे काढून घरे बांधली जातात, त्यामुळे हे नाव चपखलच म्हणायचे.

चालणाऱ्यासाठी याचा अर्थ असा, की एकाच वाटेचे दोन मजले असतात. वरच्या मजल्यावर, म्हणजे सड्यावर, ऋतूची सत्ता चालते. तिथे ऊन, पाऊस, गवत, निसरडेपणा यांचा हिशोब ठेवावा लागतो. खालच्या मजल्यावर, म्हणजे कड्याच्या पायथ्याशी आणि पुळणीवर, भरती-ओहोटीची सत्ता असते आणि ती तिथीप्रमाणे चालते. फक्त ऋतू पाहून निघालेला माणूस अर्धेच वेळापत्रक पाहून निघालेला असतो.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा काय शिकवते?

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे या दोन मजल्यांचे उत्तम उदाहरण. देवळामागून डोंगराकडे निघालेली प्रदक्षिणेची वाट काही अंतरावर कातळाच्या बेचक्यात शिरते आणि दगडी पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते. खाली पोहोचल्यावर डाव्या-उजव्या बाजूला उभा कडा आणि पायाखाली लाटांनी तासून काढलेला सपाट कातळ दिसतो. शाळेच्या भूगोलात यालाच ‘तरंगघर्षित मंच’ म्हटलेले असते. लाटा कड्याच्या पायथ्यावर आदळतात, पायथा पोखरला जातो, वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि त्याच्या पायाचा सपाट कट्टा उरतो. इथल्या कातळात मधाच्या पोळ्यासारखी भोकेही दिसतात. खाऱ्या पाण्याचे तुषार खडकाच्या छिद्रांत वाळतात, मिठाचे स्फटिक वाढतात आणि खडकाचे कण सुटत जातात, त्यातून ही नक्षी तयार होते.

हा कट्टा समुद्राने तयार केला आहे आणि त्याचा ताबाही समुद्राने सोडलेला नाही. ओहोटीला तो चालण्याजोगा असतो, भरतीला त्यावर लाटा येतात. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला उभा कडा असल्यामुळे मधेच पाणी चढले तर बाजूला व्हायला जागा नसते. त्यात शेवाळलेल्या भागावर पाय घसरतो. म्हणूनच ही प्रदक्षिणा ओहोटी पाहूनच करायची असते आणि पावसाळ्यात त्या वाटेला जायचेच नसते. कोकणातल्या कोणत्याही कड्याखालच्या वाटेला हाच नियम लागू आहे.

तिथीवरून भरतीची वेळ कशी काढावी?

आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते. यावरूनच किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा तयार झाला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ आणि पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत हिशोब तोच. दुसरी भरती त्यानंतर सुमारे साडेबारा तासांनी येते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हे गणित मुंबई परिसराला जवळचे आहे. दक्षिणेकडे जावे तसतशी भरतीची वेळ थोडी अलीकडे येते. ठोकताळा योजना आखण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष उतरण्याआधी त्या ठिकाणचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक मोबाइलवर पाहावेच.

दुसरा प्रश्न पाणी किती चढणार, हा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत खालीही जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. त्या वेळी चढ-उतार कमी असतो. मुंबईजवळ उधाणाच्या दिवसांत हा फरक चार मीटरच्याही पुढे जातो, तर गोव्याकडे तो साधारण दोन मीटर असतो. म्हणजे उत्तर कोकणात वाळूची जी पट्टी ओहोटीला अफाट दिसते, ती भरतीला पूर्ण नाहीशी होऊ शकते.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. पावसाळ्याआधी मुंबईत साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी जाहीर होते आणि अनेकदा ‘साडेचार मीटरच्या लाटा’ अशी तिची चर्चा होते. तो आकडा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो. लाटांची उंची त्याहून वेगळी, त्या पातळीच्या वर.

चालायला कोणती तिथी चांगली?

पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी खोल असते, पण ती पहाटे आणि संध्याकाळी येते. भर दुपारी, म्हणजे बहुतेक पर्यटक किनाऱ्यावर असतात त्याच वेळी, पाणी सर्वांत वर असते. अष्टमीला ओहोटी दुपारच्या सुमारास येते, पण पाणी फारसे मागे जात नाही. या दोन्हींच्या मधला सोयीचा काळ द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा जोर ओसरू लागलेला असला तरी ओहोटी अजून चांगली खोल असते आणि ती सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येते. उजेड भरपूर, ऊन कोवळे आणि पाणी दूर.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाली उतरावे आणि ओहोटीनंतर तासाभरात वर यावे. या घाईमागे कारण आहे. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण भरतीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग पाणी चढते, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिल्या तासात पाणी जागचे हललेच नाही असे वाटते आणि माणूस गाफील राहतो. मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन गेलेली असते.

पावसाळ्यात काय बदलते?

जून ते सप्टेंबर हा सड्याचा सर्वांत देखणा आणि कड्याखालचा सर्वांत धोकादायक काळ. मोसमी वाऱ्यांनी समुद्र खवळलेला असतो. केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यासाठी ठरवलेला मासेमारीबंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे. माशांच्या प्रजननाचा हा काळ असतो आणि समुद्रही बोटी लोटण्यासारखा नसतो. श्रावणातल्या नारळी पौर्णिमेनंतर मासेमारीला सुरुवात होते, म्हणून पर्यटकही तो दिवस समुद्र शांत झाल्याचा मानतात. पण पौर्णिमा असल्यामुळे ते दिवस उधाणाचेच असतात आणि लाटांचा जोरही पुरता ओसरलेला नसतो. नारळ वाहताना पाण्यापासून अंतर राखावे, हेच बरे.

पावसाळ्यातली भटकंती सड्यापुरती ठेवावी. जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचते, त्याभोवती बोटभर मातीत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू, तेरडा अशा वनस्पती फुलतात. या मातीत पोषकद्रव्ये फार कमी असतात, म्हणून सीतेची आसवे आणि दवबिंदू सूक्ष्म जीव किंवा कीटक पकडून आपली गरज भागवतात. सरकारी दप्तरी ज्या सड्यांची नोंद अनेकदा पडीक जमीन अशी होते, तिथले हे जीवन चार महिन्यांत उगवते, फुलते आणि बी टाकून संपते. फोटोसाठी फुलांच्या गालिच्यात शिरलेल्या एका गटाची पावले पुढच्या वर्षीचे बीही तुडवतात. मळलेली वाट सोडू नये.

कड्याची कड या काळात सर्वांत अविश्वासू असते. वर जांभ्याचे कडक कवच आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, चिकट माती असते. पावसात ती माती धुऊन जाते आणि कवच खालून पोकळ होते. वरून मजबूत दिसणारा दगड अधांतरी असू शकतो. कडेपासून निदान चार-पाच पावले मागे थांबावे आणि दगडांत भेगा दिसल्या तर त्याहूनही लांब. फुरसे हा विषारी सापही कोकणच्या सड्यांवर चांगलाच आढळतो. तो लहान असतो आणि दगडाच्या रंगात मिसळून जातो. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट घालावेत, दगड उचलू नयेत आणि दंश झाल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

पाऊस संपल्यावर लगेच जावे का?

ऑक्टोबरमध्ये आकाश मोकळे होते, सड्यावर गवत पिवळे पडू लागते आणि हवेत दमट उकाडा असतो. सड्यावरच्या लांब वाटांसाठी हा काळ ठीक, पण सकाळी लवकर निघावे. खालच्या मजल्यावर मात्र सावध राहावे लागते. चार महिन्यांत कातळावर वाढलेले शेवाळ अजून वाळलेले नसते. पावसाळी लाटांनी पुळणीचा आकारही बदललेला असतो. बऱ्याच किनाऱ्यांवरची वाळू पावसाळ्यात समुद्राकडे ओढली जाते आणि हिवाळ्यात शांत लाटांबरोबर हळूहळू परत येते. मे महिन्यात जिथे वाळूवरून सहज चालत गेलो, तिथे ऑक्टोबरमध्ये उघडे खडक आणि खोल खड्डे असू शकतात. ओळखीचा किनारा या दिवसांत नव्याने ओळखावा लागतो.

हिवाळा सर्वांत चांगला का मानतात?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वरचा आणि खालचा, दोन्ही मजले खुले असतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, त्यामुळे पाणी शांत असते. दुपारनंतर खारा वारा सुरू होतो आणि लाटा उठू लागतात. किनाऱ्याचा भाग सकाळी आणि सड्याचा भाग दुपार कलल्यावर, असा क्रम ठेवला तर दोन्ही साधते. कुरव पक्ष्यांचे थवे याच दिवसांत पुळणीवर उतरलेले असतात.

पण हाच काळ ऑलिव्ह रिडले कासवांचा आहे. हरिहरेश्वरहून निघून बागमांडला-वेसवी फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली, की रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास गाव जवळ येते. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये इथे ग्रामस्थांच्या साथीने कासव संवर्धनाला सुरुवात केली. मादी रात्री वाळूत घरटे करते आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. अंधारात समुद्राकडची बाजू अधिक उजळ दिसते, तिच्या दिशेने ती धावतात. विजेरी, शेकोटी किंवा गाडीचे दिवे यांमुळे त्यांची दिशा चुकते. वाळूवर गाडी नेणे तर घरट्यावरून चाक नेण्यासारखेच ठरू शकते. त्यामुळे हिवाळ्यात रात्री पुळणीवर चालण्याचा बेत टाळावा. पिल्ले पाहायची असतील तर गावकऱ्यांच्या देखरेखीखालीच.

उन्हाळ्यात जाण्यासारखे काय असते?

मार्च ते मे या महिन्यांत उघडा सडा तापतो. झाडाची सावली मैलभर मिळत नाही, पाणवठे आटतात आणि वाळलेल्या गवताला वणवा लागू शकतो. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी आणि सकाळी दहाच्या आत सड्यावरून खाली येणे, ही त्रिसूत्री पाळावी. काडी ओढायची नाही, चूल मांडायची नाही.

तरीही सड्यावरची एक गोष्ट या दिवसांत सर्वांत चांगली दिसते, ती म्हणजे कातळशिल्पे. कोकणच्या सड्यांवर अशी हजाराहून अधिक शिल्पे सापडली आहेत. त्यातल्या काहींचा काळ अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर भव्य हत्तीची आकृती कोरलेली आहे आणि तिच्या आत इतर अनेक प्राणी आहेत. कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ ही ठिकाणे २०२२ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. पावसाळ्यात या रेषांत पाणी भरते, नंतर गवत त्यांना झाकते. गवत वाळून गेल्यावर, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात रेषांत सावली पडते आणि आकृती उमटते. भर दुपारी तीच आकृती समोर असून दिसत नाही. फोटोसाठी रेषांत खडू किंवा रंग भरू नये, आकृतीवर पाय ठेवू नये.

कशेळीत कनकादित्याचे सूर्यमंदिर आहे आणि देवघळीचा समुद्रकडाही याच परिसरात आहे. वर सडा, पुढे कडा, खाली छोटी पुळण, असा हा दोन मजली किनारा एका सकाळीत पाहता येतो. मात्र मे महिन्याच्या उत्तरार्धात खाली उतरण्याचा मोह आवरावा. पाऊस यायचा असला तरी समुद्र आधीच बदललेला असतो. दूरवरच्या वादळातून निघालेल्या लांब लाटा किनाऱ्यावर वारा नसतानाही येऊन धडकू शकतात. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र उंच लाटांचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहायला दोन मिनिटे लागतात.

पाण्यात शिरताना धोका कुठे असतो?

चालून घामाघूम झालेला माणूस पुळणीवर पोहोचला, की पाण्याकडे धावतो. लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना बऱ्याचदा एका अरुंद वाटेने जोरात आत जाते. या ठिकाणी लाटा फुटत नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या फेसाळ लाटांमधला तो पट्टा शांत आणि सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात ओढ तिथेच असते. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे हात मारून दम संपवू नये. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडावे आणि मग परत वळावे. बुडणाऱ्यामागे उडी टाकण्यापेक्षा दोरी, रिकामा कॅन, नारळाची झावळी असे काही त्याच्याकडे फेकावे. मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवावेत. कड्याखाली अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून कुठे जातो आणि कधी परतणार, हे वर कोणाला तरी सांगून उतरावे.

निघण्यापूर्वी काय ठरवावे?

आधी ऋतू पाहावा. जून ते सप्टेंबर फक्त सडा, ऑक्टोबरमध्ये सडा आणि सांभाळून पुळण, नोव्हेंबर ते फेब्रुवारी दोन्ही, मार्चपासून पुढे फक्त सकाळ. मग तिथी पाहावी आणि त्या दिवशीची ओहोटी किती वाजता आहे ते लिहून घ्यावे. मुक्कामाची जागा आणि सुट्टी त्यानंतर ठरवावी. बहुतेकांचा क्रम याच्या नेमका उलटा असतो. आधी सुट्टी, मग हॉटेल आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाणी.

शेवटची खातरजमा मोबाइलवर होत नाही. वाटेच्या तोंडाशी दुकान, देऊळ किंवा जाळे विणत बसलेला कोणीतरी असतो. ‘खाली जाता येईल का,’ एवढे विचारावे. त्याने ‘आत्ता नको’ म्हटले, तर त्याच्याशी वाद घालू नये. पाणी उतरायला फार तर पाच-सहा तास लागतात.